स्कॅनर कुणाचा, मशीन कोणते?

गेल्या रमजानमधली गोष्ट. सत्ताविसाव्या रात्री तरावीहनंतर आम्ही आपाच्या दुकानात डोकावलो. आपा म्हणजे आमची मोठी बहीण. कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या टोकाला तिचे दहा बाय बाराचे दुकान आहे. ड्रेस मटेरियल, दुपट्टे, बुरखे, लहान मुलींचे फ्रॉक. दुल्हाभाई कुवेतला नोकरीला. नऊ वर्षांपूर्वी आपाने स्वतःच्या दोन बांगड्या मोडून हे दुकान टाकले आणि स्वतःच्या मेहनतीवर उभे केले.

त्या रात्री दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्ल्याजवळचा बोलणारा डबा सारखा सांगत होता, 'आठशे पन्नास रुपये प्राप्त झाले', 'बाराशे रुपये प्राप्त झाले'. दर वेळी आपा कापडावरून नजर न काढता 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायची.

ईद झाली. चार दिवसांनी मुंबईच्या मंगलदास मार्केटमधल्या घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे होते. आपाने जेठांच्या मुलाला बोलावले, कारण दुकानातला स्कॅनर त्याच्या खात्याला जोडलेला होता. तीन वर्षांपूर्वी आपाकडे साधा फोन होता, बँकेत मोबाईल नंबर नोंदवलेला नव्हता. पोराने चाचीचे काम अडू नये म्हणून स्वतःच्या नावाचा क्यूआर आणून चिकटवला. दर आठवड्याला तो पैसे काढून आणून द्यायचा. पै इकडची तिकडे नाही. घरातलाच मुलगा, कुणाला काही खटकले नाही.

त्या दिवशी मात्र तो रडवेला होऊन आला. "चाची, खातं फ्रीज झालंय. पैसे निघत नाहीत."

झाले होते असे. त्याने आपला जुना मोबाईल एका अनोळखी माणसाला ११ हजारांना विकला होता. त्या माणसाने पाठवलेले पैसे कुणाला तरी ऑनलाईन फसवून मिळवलेले निघाले. ज्याची फसवणूक झाली त्याने तक्रार केली, पैसे कुठून कुठे गेले याचा माग काढत दुसऱ्या राज्यातील पोलिसांचे पत्र बँकेत आले आणि बँकेने खाते गोठवले. वादाचे पैसे ११ हजार, पण अडकले ते सगळे. त्यात आपाची रमजानभरातली जवळजवळ १ लाख ४० हजारांची विक्री होती.

पोराची चूक म्हणावी तर काय? आणि आपा बँकेत गेली तेव्हा तिला विचारले गेले, "तुमचा या खात्याशी संबंध काय?" नऊ वर्षे दुकान चालवणाऱ्या बाईकडे या प्रश्नाचे कागदावर दाखवता येईल असे उत्तर नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, दुकानासाठी कार्डाचे मशीन कोणते घ्यावे, असे विचारणारी अनेक घरे आमच्या ओळखीत आहेत. कुणी बेकरी चालवतो, कुणी अत्तर-टोप्या विकतो, कुणी घरातून बिर्याणीच्या ऑर्डरी घेते, कुणाचे शिलाईचे दुकान आहे. या महिन्यात त्याच प्रश्नाबद्दल लिहितो आहोत. आपाच्या प्रसंगातून आम्ही शिकलो ते आधी सांगतो: मशीन कोणते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, पैसे कुणाच्या खात्यात जाणार?

पहिले काम: आपल्या नावाचे खाते

जो गल्ल्यावर बसतो, ज्याचा माल आहे, त्याच्याच नावाच्या खात्याला स्कॅनर आणि मशीन जोडलेले असावे. नवऱ्याच्या नाही, मुलाच्या नाही, दिराच्या नाही. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. इस्लामने स्त्रीच्या कमाईवर तिचा हक्क मान्य केला आहे हे आपण अभिमानाने सांगतो. मग तो हक्क बँकेच्या पासबुकातही दिसायला नको का? शिवाय दुसऱ्याच्या खात्यात आपली विक्री गेली तर त्याच्या उत्पन्नाचा हिशेब बिघडतो, आपल्या व्यवसायाचा पुरावा तयार होत नाही, आणि त्याच्या खात्यावर काही संकट आले तर आपला गल्ला बंद पडतो.

आपाने काय केले ते सांगतो. आधार आणि पॅन होतेच. दुकानाची शॉप ॲक्टखाली नोंद केली. कामगार थोडेच असतील तर महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाईन सूचना द्यावी लागते. सरकारच्या उद्यम पोर्टलवर नाव नोंदवले. ही नोंदणी मोफत असते. कुणी त्यासाठी हजार-दोन हजार मागत असेल तर तो स्वतःची मजुरी मागतो आहे, सरकारी फी नव्हे. मग दुकानाच्या नावाने चालू खाते उघडले. घरखर्चाचे बचत खाते वेगळेच ठेवले. आणि बँकेत जो मोबाईल नंबर दिला तो आपाचा स्वतःचा, तिच्याच पर्समधल्या फोनचा.

इथे काही जण हळूच विचारतात, "सगळं खात्यात दिसलं तर टॅक्सवाले मागे लागणार नाहीत?" २०२५ च्या जुलैत बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या उलाढालीवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि अनेकांनी घाबरून स्कॅनर काढून ठेवले. पण भीतीपेक्षा माहिती बरी. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. आपाची उलाढाल १५ लाखांच्या आसपास. आयकराच्या अंदाजित नफ्याच्या योजनेत तर रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्केच. नीट हिशेब ठेवणाऱ्याला खात्यातल्या पैशाचा तोटा नाही. तुमची उलाढाल मोठी असेल तर कर सल्लागाराला एकदा भेटा.

दुसरे काम: पंधरा दिवसांची वही

आपाची बातमी बाजारात पसरली आणि दोनच दिवसांत एका कंपनीचा माणूस बॅग घेऊन दुकानात आला. "मॅडम, हे मशीन घ्या. कार्ड, स्कॅनर, प्रिंटर सगळं एकात. इथं फक्त सही करा." आपाने पेन हातात घेतलेही होते. आम्ही तिथे बसलो होतो म्हणून विचारले, "भाडं किती?" महिन्याला ५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. आणि मशीन मध्येच परत करायचे असेल तर? तो फॉर्म चाळत म्हणाला, "दोन वर्षांचं ॲग्रीमेंट आहे, सर्वांनाच असतं." आम्ही फॉर्मच्या मागे गुणाकार केला. ५९० गुणिले २४, म्हणजे १४ हजार १६० रुपये. मशीन वापरले तरी, नाही वापरले तरी.

आपाने पेन खाली ठेवले. म्हणाली, "आधी मला माझं गिऱ्हाईक बघू दे."

मग तिने एक शंभर पानी वही घेतली आणि पंधरा दिवस प्रत्येक बिलापुढे एक खूण केली: रोख, स्कॅनर की 'कार्ड चालतं का?' असा प्रश्न. दिवस लग्नसराईचे, मे महिन्याचे. पंधरा दिवसांनी आम्ही दोघांनी बेरीज केली. एकूण १८६ गिऱ्हाइके. १०४ जणांनी रोख दिले. ७३ जणांनी स्कॅनरवर दिले. या दिवसांसाठी आपाने बचत खात्याचा साधा कागदी क्यूआर लावला होता. आणि कार्ड विचारणारे ९.

आपा म्हणाली, "नऊच? मग मशीन कशाला हवं?"

पण वहीत पुढचा रकाना होता. त्या नऊ जणांची खरेदी मोठी होती, लग्नाच्या कपड्यांची. त्यातले बहुतेक आखातातून सुटीवर आलेले. त्यांच्याकडे तिकडच्या बँकेचे कार्ड, इथला चालू यूपीआय नाही. सौदी, अमिराती, कतार, ओमान अशा काही देशांतल्या मोबाईल नंबरावरूनही आपल्या इथल्या एनआरआय खात्याचे यूपीआय चालवण्याची सोय २०२३ पासून झाली आहे, पण सगळ्यांनी ते जोडलेले नसते. नऊपैकी दोघे एटीएममधून पैसे काढून परत आले, दोघांनी नातेवाइकांच्या फोनवरून दिले. पाच जण 'येतो' म्हणून गेले ते आलेच नाहीत. त्यांनी बाजूला काढलेला माल सरासरी साडेसहा हजारांचा होता. पाच गिऱ्हाइकांचे झाले साडेबत्तीस हजार. आपाचा नफा १५ टक्के धरला तर पंधरा दिवसांत ४ हजार ८७५ रुपये दारातून परत गेले.

म्हणजे मशीन हवे होते. पण कशासाठी हवे आणि कोणासाठी हवे, ते आता माहीत झाले होते. हेच महत्त्वाचे. ज्याच्या दुकानात वीस-तीस रुपयांचे पाव-बटर विकले जातात त्याची वही वेगळे उत्तर देईल.

साधनांचे प्रकार

वही हातात घेऊन आता प्रकार पाहू.

पहिला, नुसता क्यूआरचा स्टिकर. खर्च जवळपास नाही. चहा, भाजी, किराणा यांना पुरतो. अडचण एकच: पैसे आले का हे पाहायला दर वेळी फोन उघडावा लागतो आणि गर्दीत गिऱ्हाईक दाखवते त्या स्क्रीनवर विश्वास ठेवावा लागतो. खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे कमी नाहीत.

दुसरा, बोलणारा डबा, म्हणजे साउंडबॉक्स. आम्हाला महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भाडे सांगितले गेले. कापड मोजता मोजता कानाने खात्री होते. भाषा मराठी ठेवता येते. ज्या बाईला इंग्रजी मेसेज वाचणे अवघड जाते तिच्यासाठी हा डबा खरेच उपयोगी आहे.

तिसरा, फोनलाच मशीन करणे. काही अँड्रॉईड फोनमध्ये एनएफसी असते. ॲप घेतले की गिऱ्हाईक फोनच्या पाठीला कार्ड टेकवते. वेगळे यंत्र नाही. घरगुती ऑर्डरी पोहोचवणाऱ्यांना, प्रदर्शनात टेबल मांडणाऱ्यांना हे बरे पडते. काही साउंडबॉक्समध्येही कार्ड टेकवायची सोय आता आली आहे.

चौथा, नेहमीचे स्वाईप मशीन. त्यात स्वतःचे सिम, बटणे, चिप घालायची फट आणि बहुधा पावतीचा प्रिंटरही असतो.

इथे एक नियम लक्षात ठेवायला हवा. पिन न टाकता नुसते कार्ड टेकवून एका वेळी ५ हजार रुपयांपर्यंतच पैसे देता येतात. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा २ हजारांवरून ५ हजार झाली. त्यावरच्या रकमेला पिन लागतो. आपाच्या नऊ कार्डवाल्यांपैकी सात जणांची खरेदी ५ हजारांच्या वरची होती. म्हणजे नुसते टेकवण्याचे स्वस्त साधन घेतले असते तर नेमके मोठे गिऱ्हाईकच अडले असते. तिला पिन टाकता येईल असेच मशीन हवे होते. एखाद्या आइस्क्रीमच्या दुकानाला मात्र टेकवायचा डबा पुरेसा आहे, त्याने मोठे मशीन घेऊन भाडे भरण्याचे कारण नाही.

भाडे आणि कापून घेतलेली रक्कम

मशीनचा खर्च दोन प्रकारचा. एक भाडे, दुसरा दर व्यवहारातून कापला जाणारा पैसा. त्याला एमडीआर म्हणतात. विकणारा माणूस भाड्याबद्दल बोलतो, एमडीआरबद्दल गडबडीत बोलतो. म्हणून तक्ता लेखी मागा.

ठोकताळा असा. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला एमडीआर नाही. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. मागच्या आर्थिक वर्षात २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. मोठ्या दुकानदाराला ०.९० टक्के, वरची मर्यादा हजार रुपये. म्हणून आपली उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर फॉर्ममध्ये 'छोटा व्यापारी' अशी नोंद झाली आहे ना, ते पाहा. ती चुकली तर दुपटीहून जास्त कापले जाईल आणि कळणारही नाही.

क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे दर बोलून ठरवावा लागतो. आपाला दोन टक्क्यांच्या आसपास सांगितले गेले आणि परदेशी कार्डाला तीन टक्के. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कुणी स्कॅन केले तर छोट्या दुकानदाराला २ हजारांपर्यंत शुल्क नाही, त्यावर लागते.

आता साडेसहा हजारांचे बिल घेऊ. डेबिट कार्डावर ०.४० टक्के म्हणजे २६ रुपये. क्रेडिटवर दोन टक्के म्हणजे १३०. परदेशी कार्डावर तीन टक्के म्हणजे १९५. या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी धरला तर अनुक्रमे साधारण ३१, १५३ आणि २३० रुपये. आपाचा त्या बिलातला नफा ९७५. परदेशी कार्डातही तिला साडेसातशेच्या आसपास उरतात. गिऱ्हाईक परत गेले तर शून्य. पण ज्याचा नफाच चार-पाच टक्के आहे त्याने, उदाहरणार्थ मोबाईल विकणाऱ्याने, हाच हिशेब दहा वेळा करावा.

'कार्डाने दिलं तर दोन टक्के जास्त पडतील' असे गिऱ्हाइकाला सांगणे ही आपल्या बाजारातली सर्रास सवय. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना बजावले आहे की, दुकानदारांनी डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकाकडून वसूल करू नये, याकडे लक्ष द्या. हा धंद्याचा खर्च आहे, दुकानाच्या वीजबिलासारखा. तो भावातच धरावा आणि सर्वांना एकच भाव सांगावा.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

दुसऱ्या खेपेला आपाने आपल्याच बँकेच्या शाखेत आणि आणखी दोन ठिकाणी चौकशी केली. आम्ही तिला प्रश्न वहीत लिहून दिले होते. तेच इथे देतो, हवे तर कापून गल्ल्याजवळ लावा.

• भाडे किती, कधीपासून, जीएसटी धरून किती? ते खात्यातून आपोआप कापण्याची संमती आपण देतो आहोत का?
• सुरुवातीची फी आहे का? अनामत असेल तर परत कधी?
• किती महिन्यांचे बंधन? मध्येच मशीन परत केले तर दंड किती?
• महिन्याला अमुक रकमेचे व्यवहार झालेच पाहिजेत अशी अट आहे का? नाही झाले तर?
• आजच्या विक्रीचे पैसे खात्यात कधी येतात? रविवारी आणि सुटीला काय?
• परदेशी कार्ड चालते का? की वेगळा अर्ज लागतो?
• गिऱ्हाइकाने नंतर बँकेत तक्रार केली तर पैसे परत कापले जाऊ शकतात. त्या वेळी आम्हाला कोणते कागद द्यावे लागतील, किती दिवसांत?
• मशीन बिघडले तर किती दिवसांत बदलून मिळते? फोनवर मराठीत किंवा हिंदीत बोलणारा माणूस आहे का?
• मशीनमधले सिम कोणत्या कंपनीचे? आमच्या दुकानात त्याची रेंज आहे का?

शेवटचा प्रश्न कोकणातल्या पावसात फार मोलाचा आहे. आपाने मशीन दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात नेऊन एक रुपयाचा व्यवहार करून पाहिला, मगच पुढचे बोलली. वीज गेल्यावर बॅटरी किती तास चालते, तेही विचारले. कोरा फॉर्म कुणाच्या हाती दिला नाही. भरलेल्या फॉर्मचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवला.

शेवटी तिने बँकेचे मशीन घेतले. भाडे आधीच्या कंपनीपेक्षा कमी आणि बंधन सहा महिन्यांचे. पावसाळ्यात गिऱ्हाईक आटते, तेव्हा परत करायची मोकळीक राहावी म्हणून. कार्ड आणि क्यूआर दोन्ही त्यात. सोबत बोलणारा डबा, मराठीत. सगळे तिच्या नावाच्या खात्याला जोडलेले.

रोजच्या सवयी

मशीन आले म्हणजे काम संपले नाही. दुकान उघडताना आपला क्यूआर आपलाच आहे ना, ते पाहावे. रात्री कुणी वरून दुसरा स्टिकर चिकटवून गेल्याचे प्रकार घडतात. स्वतः एक रुपया पाठवून नाव वाचावे. गिऱ्हाइकाच्या फोनची स्क्रीन पुरावा धरू नये, आपला डबा बोलला किंवा मशीनवर व्यवहार मंजूर झाल्याचे दिसले तरच माल द्यावा.

पिन गिऱ्हाइकाने स्वतःच टाकावा. आपण नजर दुसरीकडे करावी. गिऱ्हाइकाचे कार्ड त्याच्या नजरेआड नेऊ नये, नंबर वहीत टिपू नये. ती त्याची अमानत आहे. माल परत आला तर पैसे त्याच मशीनवरून त्याच कार्डावर परत करावेत. 'कार्ड राहू द्या, रोख द्या' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावे.

पैसे घेण्यासाठी आपल्याला पिन कधीच टाकावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' किंवा 'केवायसी संपली, ओटीपी सांगा' असे कुणी म्हणाले की समजावे, हा चोर आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. आणि बँकेशी वाद झाला तर आधी बँकेत लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

रात्री दुकान बंद करताना मशीनवरचा दिवसाचा हिशेब आणि वही जुळवावी. काही मशीनवर 'सेटलमेंट'चे बटण दाबल्याशिवाय पैसे पुढे जात नाहीत, तेही विचारून ठेवावे. मशीनच्या पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून मोठ्या बिलांचा फोटो काढून ठेवावा. उधारीच्या व्यवहाराची लेखी नोंद ठेवण्याविषयीची आयत ही कुरआनातली सर्वात मोठी आयत आहे, हे आपण सारे जाणतो. तरी आपल्या किती दुकानांत वही आहे?

एक सावधगिरी

मशीन सुरू होऊन दोन महिने झाले आणि आपाच्या फोनवर मेसेज आला: तुमच्या विक्रीवर दीड लाखाचे कर्ज मंजूर, रोजच्या विक्रीतून थोडे थोडे कापले जाईल. व्यापाऱ्याची देणी डोक्यावर असताना असा मेसेज मोहात पाडतो. आपाने आम्हाला विचारले, "हे घेतलं तर?" आम्ही अटी वाचून दाखवल्या. वरून 'फी' लिहिले होते, आतून व्याज होते. आपाने मेसेज पुसून टाकला. एमडीआर हे सेवेचे शुल्क आहे, व्याज नव्हे, असे आम्ही समजतो. तरी कार्डांबाबत मनात शंका असेल तर जवळच्या जाणत्या आलिमांना विचारावे, आम्ही फतवा देणारे नाही. पण मशीनबरोबर येणारे कर्ज हा वेगळा सौदा आहे. मशीन घेतले म्हणून तो घ्यावाच लागतो असे नाही.

आणि त्या पैशांचे काय झाले?

पुतण्याने मोबाईल विकल्याचे मेसेज, घेणाऱ्याचा नंबर, सगळे कागद जमवून अर्ज केला. दोनदा वकिलाकडे गेला. साडेचार महिन्यांनी खाते उघडले, वादाचे ११ हजार मात्र अजून अडकलेलेच आहेत. दरम्यान मंगलदास मार्केटच्या व्यापाऱ्याला आपाने एक चेन विकून अर्धे पैसे दिले, उरलेल्यासाठी मुदत मागितली. नऊ वर्षांची ओळख होती, त्याने दिली. दर वेळी असा व्यापारी भेटेलच असे नाही.

जुना स्टिकर पुतण्याने स्वतःच्या हाताने खरवडून काढला. तो आता संध्याकाळी दोन तास दुकानात असतो, आपा त्याला ठरलेला पगार देते आणि तो वहीत लिहिते. त्या दोघांचे नाते बिघडले नाही, ही अल्लाहची कृपा. पण ते पणाला लागले होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

नव्या मशीनवर पहिले कार्ड चालले ते दुबईहून आलेल्या एका भगिनीचे. बिल सात हजार दोनशेचे. तिने पिन टाकला, कागद बाहेर आला. आपाने तो उलटसुलट करून पाहिला आणि वर छापलेल्या दुकानाच्या नावाखाली बोट ठेवून आम्हाला दाखवला. मग घडी घालून वहीत ठेवला.

तुमच्या घरात कुणी दुकान चालवत असेल तर आज रात्री एवढेच करा. दुकानातल्या स्कॅनरवर एक रुपया पाठवा आणि स्क्रीनवर कुणाचे नाव येते ते वाचा. ते नाव गल्ल्यावर बसणाऱ्याचे नसेल, तर मशीनची चौकशी नंतर करा, आधी बँकेत जा. अल्लाह तआला सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.